बाहेरून पिंग होत नाही, म्हणजे नक्की काय होत नाही?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गैरसमज नको. तासगावजवळ तुमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. टेलिफोनच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड काढून तुम्ही गावातल्या ऑपरेटरचं फायबर घेतलंत, आणि स्टॅटिक आयपीचे, म्हणजे इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याचे, वेगळे पैसेही भरलेत. आतून नेट झकास चालतंय. पण पुण्याहून मोडेमच्या आयपीला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारली, की चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. जुन्या मोडेमला हेच पिंग विनातक्रार व्हायचं. चेंबरच्या तापमानावर लक्ष ठेवणारी एजन्सी त्या पिंगवरूनच साइट चालू की बंद हे ठरवते, त्यामुळे महिनाभर त्यांच्या स्क्रीनवर तुम्ही लाल आहात. ऑपरेटर म्हणतो लाइन ओके आहे. एजन्सी म्हणते मोडेम बदला.

मोडेम बदलू नका. निदान इतक्यात तरी नको.

वीसेक वर्षं मी हेच काम करतोय. पतसंस्थांच्या शाखा, पेट्रोल पंप, दूध संकलन केंद्रं, अशा ठिकाणी, जिथे नेट बंद पडलं की काउंटरवर रांग लागते. 'मोडेम रिप्लाय देत नाही' ही तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा ते वाक्य खोडतो. कारण तुम्हाला दिसलंय ते एवढंच, की पुण्याच्या स्क्रीनवर उत्तर आलं नाही. मोडेमने दिलं नाही हा तुमचा निष्कर्ष झाला. तुमचं पॅकेट, म्हणजे त्या हाकेचं पाकीट, भलत्याच दारावर जाऊन थांबलं असेल. दारापर्यंत आलं असेल आणि मोडेमने ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल. मोडेमने ते आतल्या तिसऱ्याच डब्याकडे ढकललं असेल. किंवा उत्तर निघालं असेल, पण चुकीच्या रस्त्याने, आणि वाटेत मेलं असेल. स्क्रीनवर या सगळ्यांचा चेहरा एकच: टाइम्ड आउट. म्हणून इथे क्रमाने जाण्याला महत्त्व आहे. मी गेली कित्येक वर्षं एकच क्रम पाळतोय: आधी पत्ता कोणाचा, मग पॅकेट पोचतं का, मग उत्तर निघतं का.

पिंग हे नाव पाणबुडीतल्या 'सोनार' यंत्रावरून आलंय. अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कमधली एक विचित्र गडबड शोधण्यासाठी हा छोटासा प्रोग्राम लिहिला. आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा, ही कल्पना. पण एक फरक लोक विसरतात. समुद्राखालच्या खडकाला प्रतिध्वनी द्यायचा की नाही हे ठरवता येत नाही. मोडेमला येतं. पिंगचं उत्तर हा सौजन्याचा भाग आहे, ते मिळालं नाही म्हणजे समोर कोणी नाही असं होत नाही. दुसरी गोष्ट, पिंगला पोर्ट नंबर, म्हणजे एकाच पत्त्यावरच्या कोणत्या खिडकीशी बोलायचं तो आकडा, नसतो. 'टाइप ८' ही हाक आणि 'टाइप ०' हे उत्तर, एवढाच मामला. हे पोर्ट नसणं पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

तर पहिला प्रश्न: तुम्ही पिंग करताय तो आयपी तुमचा आहे का? चिडू नका. पैसे भरलेत हे मला मान्य आहे. पण तो आकडा तुम्ही कुठून घेतलात? बहुतेक लोक 'माझा आयपी काय' असं गूगलवर विचारतात आणि जे येईल ते एजन्सीला कळवतात. तो आकडा बाहेरच्या जगाला दिसणारा. तो तुमच्या मोडेमवरच आहे याची काही खात्री नाही.

मोडेमच्या पानावर लॉगिन करा, बहुधा १९२.१६८.१.१. तिथे 'स्टेटस'मध्ये 'वॅन' (मोडेमची बाहेरची बाजू) किंवा 'इंटरनेट' असा भाग असतो. इथे एक खड्डा आहे, ज्यात मीही पडलोय. फायबरच्या डब्यात अनेकदा वॅनच्या दोन-तीन ओळी असतात. एक ऑपरेटरला लांबून डबा सांभाळता यावा म्हणून, तिच्या नावात 'टीआर०६९' असं काहीतरी दिसेल. एक व्हॉइसची, लँडलाइन घेतली असेल तर. आणि एक खऱ्या इंटरनेटची, जिच्यावर पीपीपीओईचं (मोडेम ऑपरेटरकडे लॉगिन, म्हणजे 'डायल', करतो त्या पद्धतीचं) युजरनेम चालतं. या शेवटच्या ओळीतला आयपी पाहायचा. पहिली ओळ पाहून 'अरे, इथे तर १० ने सुरू होणारा आयपी आहे' म्हणून ऑपरेटरशी भांडण करू नका. ती त्याची खाजगी वाट आहे.

आता त्या इंटरनेटच्या ओळीतला आयपी १०. ने सुरू होत असेल, १९२.१६८. ने होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तर तो खाजगी, म्हणजे आतल्या नेटवर्कपुरता. आणि १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तोही तुमचा नाही. ही शेवटची रांग लोकांना फसवते, कारण दिसायला ती अगदी पब्लिक आयपीसारखी दिसते. सुमारे ४२ लाख पत्त्यांचा हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास ऑपरेटर लोकांच्या वापरासाठी बाजूला काढला गेला. त्याला कारणही तसंच होतं. आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी वाटणाऱ्या संस्थेकडचा जुन्या पद्धतीच्या (आयपीव्ही४) आयपींचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या ब्लॉकवर आला, आणि त्यानंतर तिच्या नवीन सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ आयपी, पुढे तर ५१२च मिळायला लागले. म्हणजे गावागावांत फायबर ओढलं गेलं तेव्हा आयपींची टंचाई सुरू होऊन काही वर्षं उलटली होती. पाच हजार गिऱ्हाइकं आणि हातात ५१२ आयपी असलेला माणूस काय करणार? एका पब्लिक आयपीमागे पन्नास-शंभर घरं बसवणार. याला सीजी-नॅट म्हणतात; नॅट म्हणजे एक पत्ता दुसऱ्यावर वळवणं. तुम्ही बाहेर गेलात की ऑपरेटरचं यंत्र पोर्ट नंबरची नोंद ठेवतं आणि उत्तर तुमच्यापर्यंत आणून देतं. पण बाहेरून अचानक आलेल्या पिंगला ना पोर्ट, ना आधीची नोंद. ते शंभर घरांपैकी कोणाकडे पाठवायचं हे त्या यंत्राला कळायला मार्गच नाही. मग ते पॅकेट टाकून देतं.

किंवा स्वतःच उत्तर देतं. हे जास्त वाईट.

एका पतसंस्थेच्या शाखेची गोष्ट सांगतो. मुख्य कार्यालयात सगळ्या शाखांचा पिंगचा बोर्ड लावलेला. ही शाखा हिरवी. आणि शाखेतून फोनवर फोन, दोन दिवस नेट नाही म्हणून. कार्यालयातला पोरगा ठामपणे सांगत होता की नेट आहे, मला इथे दिसतंय. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलं होतं. पिंगला उत्तर देत होतं ते तीस किलोमीटरवरचं ऑपरेटरचं यंत्र. शाखेचा मोडेम त्या पिंगला कधी भेटलाच नव्हता, आधीही नाही. तेव्हापासून मी एक साधी परीक्षा सगळीकडे घेतो: मोडेमचं बटण बंद करून बाहेरून पिंग करायचं. बंद मोडेमलाही उत्तर येत असेल तर उत्तर देणारा दुसराच कोणी आहे. तुमच्या बाबतीत उलटी परीक्षाही उपयोगाची आहे: चालू असताना टाइम्ड आउट आणि बंद केल्यावर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', असा फरक दिसला तर चांगली बातमी. मार्ग तुमच्या दारापर्यंत येतोय आणि दार बंद झालेलं वाटेतल्या राउटरला कळतंय. असा फरक दिसला नाही तरी त्यावरून उलटा निष्कर्ष काढू नका. बरेच ऑपरेटर असे निरोप पाठवतच नाहीत.

स्टॅटिकचे पैसे भरूनही वॅनवर खाजगी आयपी दिसतोय, असं मी वरचेवर पाहतो. साधं कारण म्हणजे ऑफिसमध्ये आयपी तुमच्या युजरनेमला जोडला, पण मोडेमने नव्याने डायल केलं नाही. जुनं सेशन महिना महिना चालू राहतं. मोडेम पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा, मग पाहा. दुसरं कारण, काही ऑपरेटर पब्लिक आयपी स्वतःकडेच ठेवतात आणि एकास-एक पद्धतीने तुमच्या खाजगी आयपीवर वळवतात. मग वॅनवर १०. चा आयपी दिसूनही सगळं नीट चालू शकतं, अट एवढीच की त्यांनी सगळंच वळवलेलं असावं, पिंगसुद्धा. हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारताना 'स्टॅटिक दिलाय का' असं विचारू नका, उत्तर 'हो' असंच येणार. 'तो आयपी माझ्या मोडेमच्या वॅनवर दिसेल का, की तुमच्याकडे नॅट होतोय' असं विचारा.

समजा, वॅनवरचा आयपी आणि बाहेर दिसणारा आयपी एकच निघाला. मग पत्ता तुमचा. आता दुसरं दार, आणि जुन्या मोडेमला पिंग व्हायचं पण नव्याला होत नाही या तुमच्या वर्णनावरून माझा संशय याच दारावर जास्त आहे.

घरगुती राउटर आणि फायबरचे डबे यांत बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर द्यायचं नाही हेच कारखान्यातून ठरवून येतं. कुठे 'रिस्पाँड टू पिंग्ज फ्रॉम वॅन' असा चौकोन असतो, तो रिकामा असतो. कुठे 'रिस्पाँड टू पिंग ऑन इंटरनेट पोर्ट'. कुठे फायरवॉलच्या (बाहेरचं काय आत येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याच्या) आत 'अ‍ॅक्सेस कंट्रोल' किंवा 'सर्व्हिस कंट्रोल' नावाचा तक्ता असतो आणि त्यात लॅनकडून (आतल्या बाजूने) काय चालेल, वॅनकडून काय चालेल अशा रांगा असतात. आणि काही शहाण्यांनी उलटा चौकोन ठेवलाय: 'डिसकार्ड पिंग फ्रॉम वॅन'. इथे टिक म्हणजे बंद. घाईत टिक करून 'केलं की चालू' म्हणणारे मी पाहिलेत.

ही बंदीची सवय नव्वदच्या दशकातली. १९९६ च्या सुमारास 'पिंग ऑफ डेथ' आलं, अवाढव्य पिंग पाठवून समोरचं मशीन पाडायचं. पाठोपाठ 'स्मर्फ', म्हणजे दुसऱ्याच्या नावाने एका अख्ख्या नेटवर्कला पिंग करायचं आणि सगळ्यांची उत्तरं त्या बिचाऱ्यावर सोडायची. ती भोकं केव्हाच बुजली, पण 'पिंग बंद म्हणजे सुरक्षित' हा समज चिकटला तो चिकटलाच. माझं मत स्पष्ट आहे: फक्त पिंगला उत्तर दिल्याने तुमचं कोल्ड स्टोरेज कोणी हॅक करत नाही. धोका आहे तो मोडेमचं लॉगिनचं पान बाहेरून उघडं ठेवण्यात आणि पासवर्ड 'अ‍ॅडमिन' असण्यात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (बळकावलेल्या यंत्रांच्या फौजेने) कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेल्या पासवर्डांच्या जोरावर. तेव्हा त्या तक्त्यात पिंगच्या रांगेला टिक करा, पण शेजारच्या वेब, टेलनेट (लांबून लॉगिन करायची जुनी सोय) यांच्या रांगांना वॅनकडून हात लावू नका. 'सगळंच चालू करून बघू' म्हणत फायरवॉल बंद करायची तर मुळीच नाही. तक्त्यात कोणत्या आयपीकडून चालेल असा रकाना असेल तर एजन्सीच्या सर्व्हरचा आयपी तिथे घाला आणि बाकीच्यांना बंद ठेवा. मात्र मग तुम्हाला स्वतःला पुण्याहून पिंग होणार नाही, हे लक्षात राहू द्या. स्वतःच घातलेलं कुलूप विसरून तक्रार घेऊन आलेलेही आहेत.

हा चौकोन तुम्हाला दिसणारच नाही, अशीही शक्यता आहे. डब्याला दोन लॉगिन असतात, एक गिऱ्हाइकाचं आणि एक ऑपरेटरचं. पहिल्यात वायफायचा पासवर्ड बदलण्यापलीकडे फारसं काही नसतं. आणि समजा ऑपरेटरच्या माणसाने तुमच्यासमोर टिक केलं, पिंग झालं, चहा घेऊन तो गेला, तर दोन दिवसांनी पुन्हा बंद झालेलं सापडू शकतं. कारण त्या टीआर०६९ च्या वाटेने ऑपरेटरचा सर्व्हर सगळ्या डब्यांना ठरावीक सेटिंग परत ढकलतो. त्यामुळे हा बदल डब्यात नको, त्यांच्या सर्व्हरवरच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये करायला सांगा. 'परवा चालत होतं' या तक्रारीचं मूळ मला अनेकदा इथेच सापडलंय.

टिक केल्यावर तपासणार कसं? कोल्ड स्टोरेजच्या वायफायवर बसून स्वतःच्याच पब्लिक आयपीला पिंग करू नका. ते पॅकेट बाहेर जातच नाही, राउटर आतल्या आतच उत्तर देतो आणि तुम्ही खूश होता. मोबाइलचं वायफाय बंद करा, सिमच्या डेटावरून पिंग करा. शक्य असेल तर दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी करायला सांगा. दोन वेगळ्या ठिकाणांहून केलेलं पिंग हीच चाचणी.

मघाशी म्हटलं की मोडेम पॅकेट तिसऱ्याच डब्याकडे ढकलू शकतो. ते असं. डीव्हीआर बाहेरून दिसावा म्हणून कॅमेरेवाला अनेकदा मोडेममध्ये 'डीएमझेड' लावून जातो. म्हणजे बाहेरून आलेलं जे काही ओळखीचं नाही ते सगळं आतल्या अमुक मशीनकडे. काही राउटरांत पिंगही त्यातच जातं. ते मशीन विंडोजचं असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल पिंग गिळून टाकते. मोडेमवर कितीही टिक करा, उपयोग शून्य. तसंच, ऑपरेटरने डबा 'ब्रिज'मध्ये ठेवला असेल आणि डायलिंग तुमचा मागचा राउटर करत असेल, तर त्या डब्याकडे पब्लिक आयपी नाहीच. तो फक्त काचेच्या तारेतलं तांब्याच्या तारेत आणून देतोय. मग सगळी चर्चा मागच्या राउटरबद्दल करायची.

उत्तर कोण देतंय हे ओळखायची एक युक्ती उत्तरातच असते, ती म्हणजे टीटीएलचा आकडा. पॅकेट निघताना हा आकडा लिनक्सवर चालणाऱ्या राउटर-डीव्हीआरकडून साधारण ६४ असतो, विंडोजकडून १२८, आणि बऱ्याच मोठ्या नेटवर्क यंत्रांकडून २५५. वाटेतल्या प्रत्येक राउटरवर एकाने कमी होतो. म्हणजे पुण्यात ५३ दिसला तर ६४ मधून अकरा गेले, समोर लिनक्सचा डबा असावा. ११७ दिसला तर कोणीतरी विंडोज उत्तर देतंय, मोडेम नाही. हा काही कोर्टात चालणारा पुरावा नाही, पण कोणत्या दिशेला बघायचं ते कळतं.

आता उत्तराच्या रस्त्याबद्दल. कोल्ड स्टोरेज म्हटल्यावर तुमच्याकडे दुसरी लाइन असणार, निदान सिमवर चालणारा एखादा राउटर, असा माझा अंदाज. नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. असेल तर नीट वाचा, कारण याने माझे दोन दिवस खाल्लेत. एका दूध संकलन केंद्रावर फायबर आणि फोर-जी दोन्ही एकाच राउटरला लावलेले. फायबरच्या आयपीवर पिंग येत होतं, राउटरला दिसत होतं, राउटर उत्तरही देत होता. पण मुख्य रस्ता म्हणून राउटरमध्ये फोर-जी लावलेलं होतं, म्हणून उत्तर फोर-जीने बाहेर पडत होतं, पाठीवर पत्ता फायबरचा. मोबाइल कंपनीने 'हा पत्ता आमच्याकडचा नाही' म्हणून ते टाकून दिलं. तिचं बरोबरच होतं. खोट्या पत्त्यांची पॅकेटं बाहेर सोडू नयेत ही शिफारस २००० सालापासूनची आहे. मी मात्र दोन दिवस फायबरवाल्याला झापत होतो. शेवटी वैतागून फोर-जीची वायर काढली आणि पिंग सुरू झालं.

तेव्हा दुसरी लाइन पाच मिनिटं काढून पाहा. पिंग झालं तर रोग सापडला. उपाय असा की ज्या लाइनवरून हाक आली तिच्यावरूनच उत्तर जावं, असा नियम राउटरमध्ये घालावा लागतो. मायक्रोटिकसारख्या राउटरवर ते कनेक्शनला खूण लावून होतं. साध्या घरगुती राउटरवर बहुधा होत नाही, आणि तिथे खर्च करण्याआधी एजन्सीला दुसरा पर्याय विचारावा असं मी सांगेन.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर अंदाज थांबवा आणि डोळ्यांनी बघा. मागे मायक्रोटिक असेल तर त्याच्या 'टॉर्च'मध्ये, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं खुलं सॉफ्टवेअर) असेल तर टीसीपीडम्पने, पीपीपीओईच्या इंटरफेसवर फक्त आयसीएमपी (पिंगची पॅकेटं ज्या प्रकारची असतात तो) बघत बसा आणि मोबाइलवरून पिंग सुरू करा. हाक दिसलीच नाही, तर अडथळा तुमच्या बाहेर. हाक दिसली पण उत्तर नाही, तर तुमची फायरवॉल. हाक दिसली, उत्तरही दिसलं, तरी पुण्यात पोचलं नाही, तर परतीचा रस्ता. एक सूचना. मायक्रोटिकच्या तयार सेटिंगमध्ये आयसीएमपी चालू असतं आणि ओपनडब्ल्यूआरटीमध्येही वॅनकडून पिंगला परवानगी असते. तिथे बंद सापडलं तर कोणीतरी हाताने केलेलं आहे, त्याला आधी विचारा.

ऑपरेटरच्या डब्यात असं काही बघायची सोय नसते. मग मी ऑपरेटरकडून डबा अर्ध्या तासासाठी ब्रिजवर करून घेतो, पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड घेतो आणि थेट लॅपटॉपवरून डायल करतो. विंडोजच्या फायरवॉलमध्ये इनकमिंग इको रिक्वेस्टचा (म्हणजे पिंगच्या हाकेचा) नियम चालू करायचा, येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं वायरशार्क लावायचं, मोबाइलवरून पिंग करायचं. त्या अर्ध्या तासात लॅपटॉप थेट इंटरनेटवर उघडा असतो, म्हणून तो अपडेट केलेला हवा आणि त्यावर बँकेची कामं करत बसू नये. या चाचणीचा मोठा फायदा तांत्रिक नाही. ऑपरेटरचा माणूस शेजारी बसून स्क्रीनवर बघतो की एकही हाक आली नाही, आणि 'आमच्याकडून ओके आहे' हे वाक्य तिथेच संपतं. तो स्वतःच त्याच्या वरच्या माणसाला फोन लावतो. काही ऑपरेटर हल्ल्यांच्या भीतीने आयसीएमपी वरच अडवून ठेवतात. तसं निघालं तर तुमच्या एका आयपीपुरतं उघडतात की नाही, हे त्यांच्या धोरणावर आणि तुमच्या ओळखीवर अवलंबून. इथून मी सांगू शकत नाही.

ट्रेसरूट (वाटेतला एकेक राउटर दाखवणारी आज्ञा) करून ठेवा, पण जपून वाचा. मध्येच तारे (*) दिसले म्हणजे तिथे रस्ता तुटला असं नाही. त्या राउटरला बोलायचं नसेल, एवढंच. तारे शेवटपर्यंत असतील तर शेवटचा बोललेला आयपी कोणाचा ते पाहायचं. आणि कधी 'टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट' असं दिसलं तर तो वेगळाच आजार. पॅकेट दोन राउटरांमध्ये चेंडूसारखं फिरतंय आणि दुरुस्ती ऑपरेटरनेच करायची आहे.

कॅमेऱ्यांचा उल्लेख तुम्ही ओघात केलाय, म्हणून एवढंच: कॅमेरे बाहेरून दिसणं आणि पिंग होणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. डीव्हीआर ८००० किंवा ३७७७७ अशा पोर्टवर बोलतो, पिंग बंद असूनही तो चालेल. आणि क्लाउड अ‍ॅपवरून कॅमेरे दिसतात म्हणजे पब्लिक आयपी नीट आहे, असंही समजू नका. त्या अ‍ॅपमध्ये डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन जोडून घेतो, त्याला पब्लिक आयपी लागतच नाही.

आणि याच वाक्यात तुमच्या एजन्सीसाठी एक गोष्ट दडलेली आहे. पिंगवरून तुम्हाला काय कळतं? मोडेमला वीज आहे आणि फायबर शाबूत आहे. मोडेम इन्व्हर्टरवर आणि कंप्रेसर थ्री-फेजवर. एक फेज गेला, कंप्रेसर ट्रिप झाला, चेंबर तापायला लागलं, तरी मोडेम रात्रभर हसतमुखाने पिंगला उत्तर देत राहील. बेदाण्याच्या मालकाने रात्री कोणत्या आकड्यावर विसंबून झोपायचं? तापमान नोंदवणाऱ्या यंत्रानेच दर पाच मिनिटांनी बाहेर एजन्सीच्या सर्व्हरला आकडा पाठवावा, आणि सलग तीन आकडे आले नाहीत तर एजन्सीने फोन करावा. यात हाक आतून बाहेर जाते, त्यामुळे सीजी-नॅट असो, पिंग बंद असो, काही फरक पडत नाही. फायबर तुटण्याची सोय म्हणून त्याच यंत्राला सिम लावून एसएमएस जाऊ द्या. मी अलीकडे जी ठिकाणं उभी केली त्यांत देखरेख अशीच बसवलीय. बाहेरून आत डोकवायचंच असेल तर आतल्या राउटरवरून वायरगार्डसारखा बोगदा (व्हीपीएन) एखाद्या बाहेरच्या सर्व्हरपर्यंत नेतो आणि त्या बोगद्यातून पिंग करतो. मग पब्लिक आयपी कोणाचा, हा वादच उरत नाही.

हे एजन्सीला पटायला वेळ लागेल, त्यांचा बोर्ड पिंगवर बांधलेला असतो. तोवर पिंग सुरू करून घ्यायला हरकत नाही. त्यासाठी मला दोन गोष्टी कळवा. मोडेमच्या इंटरनेटवाल्या वॅन ओळीतल्या आयपीचे पहिले दोन आकडे, आणि मोडेम बंद ठेवून मोबाइल डेटावरून पिंग केल्यावर स्क्रीनवर येणारं नेमकं वाक्य. पूर्ण आयपी चारचौघांत टाकू नका. आणि मोडेम बंद करण्याआधी चेंबरचा तापमानाचा डबा त्याच वायफायवर नाही ना, ते बघून घ्या.